उद्यासाठी न ठेवलेले पीठ

नांदेडहून निर्मलकडे जाणारा हमरस्ता भोकर मागे टाकून भैंशाच्या दिशेने पुढे सरकतो, तेथे मराठी नेमकी कोठे संपते आणि तेलुगू कोठे सुरू होते हे ठरविणे कोणत्याही सरकारी दप्तराला आजवर साधलेले नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली आणि पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली, तेव्हा तोपर्यंत नांदेड जिल्ह्यात मोडणारी भैंसा आणि मुधोळ ही मंडळे आंध्राकडे गेली व भोकर मुंबई राज्यात आले. परंतु सोयरिकी, बाजारहाट आणि स्वयंपाकघरे यांची वाटणी करण्याचा अखत्यार कोणत्याच आयोगाला नव्हता. त्यामुळे भोकरच्या एकाच आळीत एका घरी ज्वारीच्या पिठाचे धिरडे, शेजारच्या घरी भिजविलेले हिरवे मूग वाटून घातलेला पेसरट्टू आणि त्यापलीकडे तांदूळ व उडीद रात्रभर आंबवून केलेला डोसा, असे तीन पदार्थ एकाच सकाळी तव्यावर चढतात आणि कोणालाही त्यात नवल वाटत नाही.

या तिघांच्या पंगतीत आता एक चौथाही रुजू झालेला आहे. तांदळाचे पीठ, रवा आणि मूठभर मैदा ताकात कालवायचा, घटकाभर झाकून ठेवायचा आणि तापलेल्या तव्यावर ओतून जाळीदार, कुरकुरीत डोसा उतरवायचा, अशी ही रीत. तिला आंबवण नाही, रात्रीची मुदत नाही, वाटण नाही. पदार्थ लहान आहे आणि त्यावर तत्त्वचिंतन कशाला, असे कोणी विचारील. परंतु या लहानशा पदार्थाविरुद्ध दोन परस्परविरोधी तक्रारी मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, आणि त्या दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न मला लहान वाटत नाही. एक पक्ष म्हणतो की रात्र ओलांडून आंबलेले अन्न धर्मदृष्ट्या सदोष, म्हणून आत्ता कालवून केलेलेच शुद्ध. दुसरा पक्ष म्हणतो की वाट पाहिल्यावाचून मिळालेले अन्न हे उताविळीचे अन्न, त्यात संस्कार नाही, तप नाही. काळ अन्नाला बिघडवितो असे पहिल्याचे म्हणणे आणि काळच अन्नाला घडवितो असे दुसऱ्याचे. अन्नाच्या पावित्र्याचा फैसला अशा रीतीने दोघेही काळाच्या हाती सोपवून मोकळे होतात. मला मात्र वाटते की ते पावित्र्य अन्न किती वेळ राहिले यावर जितके अवलंबून आहे, त्याहून फार अधिक ते कोणासाठी केले गेले यावर आहे.

आमच्या काकूंच्या घरी चातुर्मासात एक वृद्ध कीर्तनकार उतरत असत. एका वर्षी द्वादशी फार थोडी होती. सूर्योदयानंतर काही घटकांतच ती संपणार आणि तिच्या आत पारणे झाले पाहिजे, अशी अडचण. आदल्या दिवशी एकादशी असल्यामुळे घरात धान्य वाटलेले नव्हते. गुरुजी स्नान आटोपून ओसरीवर आले, पाटावर बसले आणि तव्यावरून आलेला वास ओळखून त्यांनी सोप्यातूनच विचारले,

“काकू, पीठ कधीचं आहे?”

“आत्ताच कालवलंय, गुरुजी. तुम्ही आडावर गेलात तेव्हा.”

“आंबलेलं नाही ना?”

“ताक आहे त्यात. तेवढंच आंबट.”

“ताकाला हरकत नाही,” असे म्हणून त्यांनी चित्राहुती घातल्या.

ताकाला हरकत नाही हे गुरुजींचे उत्तर त्यांच्या पदरचे नव्हते. स्मृतिकारांनी भक्ष्याभक्ष्याचा विचार करताना दोन दोष निरनिराळे मोजले आहेत, आणि ते निरनिराळे आहेत हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. एक पर्युषित, म्हणजे शिजवून रात्र उलटून गेलेले. दुसरा शुक्त, म्हणजे जे मुळात आंबट नव्हते पण काळाच्या ओघात आंबून गेले असे. डोशाचे आंबविलेले पीठ रात्री शिजविलेलेच नसते, सबब त्याला पर्युषिताचा दोष लावता येत नाही; परंतु उडीद आणि तांदूळ स्वभावतः आंबट नसताना पहाटेपर्यंत आंबट होतात, तेव्हा शुक्ताची व्याख्या त्याला अक्षरशः लागू पडते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सर्व शुक्ते वर्ज्य सांगून लगेच दही आणि दह्यापासून झालेले सारे पदार्थ यांना मात्र मोकळीक दिलेली आहे. गोरसाचे आंबणे हे त्या काळच्या गृहस्थाचे नित्याचे जीवन होते, आणि नित्याच्या जीवनाला पापाच्या यादीत घालणारे शास्त्र फार दिवस टिकत नाही हे शास्त्रकारांना ठाऊक होते. काकूंच्या पिठातली आंबट चव ताकाकडून आलेली होती, पिठाकडून नव्हे. त्यामुळे गुरुजींचे पारणे निर्दोष झाले.

आता हा निर्णय इतक्यावर सोडून दिला तर दक्षिणेतील कोट्यवधी श्रद्धाळू लोकांवर अन्याय होईल. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळाच्या मंदिरात आंबविलेल्या पिठाची इडली नैवेद्याला चढते, पुरीच्या जगन्नाथाला पाण्यात ठेवलेल्या भाताचे पखाळ अर्पण होते, आणि शीतला सप्तमीला चूल न पेटविता आदल्या दिवशीचे अन्न खाण्याची रीत आपल्याकडे राहणाऱ्या मारवाडी आणि गुजराती कुटुंबांतून आजही पाळली जाते. त्या एका दिवशी शिळे अन्न हाच विधी असतो. उलट जैन आचारात रात्र ओलांडलेले ओले पीठ सर्वथा वर्ज्य. इतकेच नव्हे तर दिगंबर परंपरेत कोरड्या पिठालाही मुदत आहे, पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७. शिवाय कच्च्या दह्याताकाशी द्विदल धान्याचा संयोग चालत नाही, म्हणून तांदूळ-रव्याचा डोसा ताकात कालविता येतो, पण बेसनाचे धिरडे ताकात कालवलेले जैन गृहिणी करीत नाही. इतके सूक्ष्म नियम एकमेकांशेजारी शतकानुशतके नांदत आले आहेत, त्याअर्थी त्यांपैकी कोणताही एक नियम अन्नाच्या पावित्र्याचा एकमेव दाखला होऊ शकत नाही, एवढे तरी मान्य करावे लागते. आचार देशपरत्वे बदलतो हे तर धर्मशास्त्राने स्वतःच मान्य केलेले आहे.

या वादाचे एक जुने स्थान आपल्या अगदी जवळ आहे, आणि त्याकडे मराठवाड्यातील माणसाचे लक्ष जावे असे मला फार वाटते. लातूर जिल्ह्याची हद्द ओलांडली की बीदर जिल्ह्यात बसवकल्याण लागते. तेच चालुक्यांचे कल्याणी. आपल्या देगलूर तालुक्यातील होट्टलची देवळे त्याच चालुक्य काळाची साक्ष देत उभी आहेत. या कल्याणीस सहावा विक्रमादित्य १०७६ पासून ११२६ पर्यंत राज्य करीत होता, आणि त्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, जी पुढे वारसाहक्काच्या कज्ज्यांत इंग्रजी अदालतींपर्यंत प्रमाण मानली गेली. मिताक्षरा म्हटले की वकिलांना दायभाग आठवतो. परंतु त्याच ग्रंथाच्या आचाराध्यायात काय खावे आणि काय खाऊ नये याचाही ऊहापोह आहे. मूळ याज्ञवल्क्याने तेथे एक उदार तरतूद ठेवली आहे: तूपतेलाने स्निग्ध झालेले अन्न बराच काळ राहिले तरी भक्ष्य, आणि गहू, जव व गोरस यांचे पदार्थ तर स्नेहावाचूनही भक्ष्य.

विक्रमादित्याच्या मागून त्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर गादीवर आला, आणि त्याच्या नावावर असलेला मानसोल्लास हा प्रचंड ग्रंथ ११३० च्या सुमारास सिद्ध झाला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात धोसक नावाचा पदार्थ येतो. तो डाळींच्या वाटलेल्या पिठाचा, मसाला घातलेला आणि तव्यावर भाजलेला आहे. त्यात तांदूळ नाही आणि रात्रभर आंबविण्याची सूचनाही नाही. याचा अर्थ असा की ज्या नगरीत बाप राज्य करीत असता शुद्ध अन्नाचा कायदा लिहिला गेला, त्याच नगरीत मुलाच्या काळी डोशाची एक अगदी जुनी नोंद झाली, आणि ती नोंद न आंबविलेल्या डोशाची आहे. आंबविल्यावाचून केलेला डोसा ही अलीकडच्या घाईच्या युगाने काढलेली पळवाट होय, असे म्हणणाऱ्यांनी हा दाखला एकदा नजरेखालून घालावा. आंबवणाची वहिवाट मागाहून आली असेल, ती थोर आहे, तिला मी हात लावीत नाही. पण मूळ मालकीचा दावा तिला सांगता येणार नाही.

एवढे झाल्यावर गीतेकडे वळणे प्राप्त आहे, कारण सात्त्विक, राजस आणि तामस आहाराचा उल्लेख सतराव्या अध्यायात झाल्यापासून आपल्याकडील प्रत्येक घास त्या तराजूत घालण्याची सवय जडली आहे. तामस आहाराच्या लक्षणांत पहिलेच लक्षण यातयाम हे आहे. सामान्यतः प्रहर उलटून थंड झालेले अन्न असा त्याचा अर्थ सांगतात, आणि ताज्या अन्नाचे अभिमानी तो आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा करतात. परंतु शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात हा दोष अपुरे शिजलेल्या अन्नाचा मानला आहे. ज्याचे सत्त्व निघून गेले त्याची सोय पुढच्या गतरस या लक्षणात झालेलीच आहे, असे त्यांचे कारण. हे वाचल्यापासून झटपट डोसा करणाऱ्याची जबाबदारी मला दुप्पट झालेली दिसते. रात्र न ओलांडल्यामुळे तो एका दोषातून सुटला खरा, पण घाईने कच्चा उतरविला तर आचार्यांच्या मते तो त्याच यादीत, आणि तीही पहिल्या क्रमांकावर, दाखल होतो.

म्हणून काकूंचा हात मी बारकाईने पाहत आलो. दोन वाट्या तांदळाचे पीठ, एक वाटी बारीक रवा, अर्धी वाटी मैदा. कधी मैद्याऐवजी तितकेच ज्वारीचे पीठ, कारण भोकरकडे ज्वारी घरची असते आणि मैदा विकतचा. जिरे, ठेचलेली मिरची, आल्याचा कीस, कढीपत्ता, मीठ. ताक घालून आधी गुठळ्या मोडायच्या आणि मग पाणी वाढवीत वाढवीत पीठ इतके सैल करायचे की पळीवरून ते ताकासारखेच वाहिले पाहिजे; येथे पुष्कळांचा हात आखडतो आणि डोसा जाड, मऊ, धिरड्यासारखा होतो. मग सुमारे घटकाभर विसावा. हा विसावा आंबण्यासाठी नसून रव्याने पाणी प्यावे यासाठी आहे; न प्यालेला रवा तव्यावर कचकचीत राहतो, आणि तेच ते आचार्यांचे अपुरे शिजणे. तवा बिडाचा, चांगला तापलेला. पाण्याचा शिपका मारला की थेंब नाचत उडून गेले पाहिजेत. पीठ दर वेळी तळापासून ढवळून घ्यायचे, कारण तांदूळ खाली बसतो आणि वर नुसते पाणी राहते. वाटीने थोडे उंचावरून, कडेकडून मध्याकडे, ओतायचे; पळीने पसरवायचे नाही. पडल्याबरोबर पाण्याची वाफ होऊन पिठात असंख्य भोके पडतात, त्या भोकांतून तेल किंवा तूप सोडायचे, आणि मग आच मध्यम करून स्वस्थ उभे राहायचे. झाकण नाही. कडा आपोआप सुटतात, जाळी सोनेरी होते, फसफसणारा आवाज कमी होत होत थांबतो. आवाज थांबला म्हणजे आतले पाणी गेले. त्या आधी उलथने घालणाऱ्या सुनेला काकू फक्त एवढेच म्हणत, “अजून बोलायलाय तो, थांब जरा.”

दुसऱ्या पक्षाची तक्रार मला येथे आठवते. वाट पाहणे नाही, म्हणून तप नाही, असे तो म्हणतो. त्याच्या म्हणण्यात खोल असे काही आहे हे मी प्रामाणिकपणे मानतो. रात्री झाकून ठेवलेल्या पिठात मनुष्य काही करीत नाही. डाळ-तांदळावर आधीच वसलेले सूक्ष्म जीव आम्ल आणि वायू निर्माण करतात, पीठ फुगते, आणि सकाळी झाकण काढणाऱ्या बाईला आपल्या हातून न घडलेली एक गोष्ट आयती मिळते. कर्तेपण सोडून देण्याचा हा रोजचा धडा आहे असे कोणी म्हटले तर मी मान डोलावीन. परंतु मराठवाड्याच्या हवेत हा धडा नेहमी साधत नाही. पौषात भोकरला रात्री इतका गारठा पडतो की पीठ सकाळी जसेच्या तसे थिजलेले सापडते, आणि वैशाखात, पारा ४० च्या वर गेला असता, तेच पीठ पहाटेच्या आधीच आंबून उतू जाते व त्याला नकोसा वास येतो. काळाच्या कृपेवर सोडलेले अन्न कृपेच्या लहरीवरही सोडावे लागते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की ती वाट पाहण्याचे कष्ट कोणाच्या वाट्याला येत होते. पाट्यावर, रगड्यावर उडीद वाटणारी बाई घरातील सर्वांचे जेवण उरकून रात्री त्या कामाला बसे. आणि सकाळी पंगतीत बसून वाट पाहण्याच्या माहात्म्यावर बोलणारा पुरुष त्या वेळी निजलेला असे. दुसऱ्याच्या श्रमांनी संपादिलेले तप स्वतःच्या खाती जमा करणे हे मला धर्माला धरून वाटत नाही. धीर हा सद्गुण खरा, पण तो रात्रीच्या रगड्यावरच पारखला जातो असे नाही. तव्यासमोर उभी राहून, फसफस थांबेपर्यंत उलथने न लावणाऱ्या बाईच्या अंगी जो धीर असतो तो थोड्या मिनिटांचा असला तरी संपूर्ण जागृतीचा असतो. आंबवणात काळ तिच्या वाटचे काम करून ठेवतो. येथे तिला कोणाचा जामीन नाही.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थ ब्राह्मणांचे चार वर्ग केलेले आहेत: कोठार भरून धान्य असलेला, रांजणभर असलेला, तीन दिवसांपुरते असलेला, आणि उद्यापुरतेही जवळ नसलेला, ज्याला अश्वस्तनिक म्हटले आहे. या चौघांत मागल्यापेक्षा पुढला श्रेष्ठ असे ग्रंथ सांगतो, अर्थात उद्याची तजवीज नसलेला सर्वांत वरचा. संसारी माणसाला हा आदर्श जसाच्या तसा पेलणारा नाही; ज्याच्या घरी मुलेबाळे आहेत त्याने उद्याचा विचार न करणे हा दोषच ठरेल. पण त्या आदर्शामागचा विचार मला या पिठात दिसतो. आंबविण्यासाठी आज भिजत घातलेले धान्य हे उद्याच्या पंगतीची शिरगणती करून घातलेले असते: उद्या घरात कोण असेल, किती जण खातील, हे ठरलेले. ज्याचे येणे ठरलेले नाही त्याला त्या हिशेबात जागा नसते. आणि नेमक्या त्याच माणसासाठी आपल्या धर्माने सर्वांत कडक हुकूम दिलेले आहेत. सूर्यास्ताच्या वेळी दाराशी आलेल्याला परत पाठवू नये, वेळी आला किंवा अवेळी आला तरी तो उपाशी राहू नये, असे मनूचे सांगणे. आणि वैश्वदेव उरकल्यानंतर आणखी कोणी आला तर काय, याचीही तरतूद आहे: त्याला शक्तीप्रमाणे अन्न द्यावे, बली मात्र पुन्हा घालू नये. विधी एकदाच, पण चूल पुन्हा पेटली तर शास्त्राची हरकत नाही.

वनपर्वाच्या प्रचलित पाठातील दुर्वासांची कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. द्रौपदीचे जेवण झाले, थाळी धुऊन पालथी घातली, आणि त्या वेळी शिष्यांचा समुदाय घेऊन ऋषी नदीवर स्नानाला उतरले. त्या कथेत कृष्णाचा चमत्कार आपण ऐकतो, पण द्रौपदीच्या छातीत जी धडकी भरली ती प्रत्येक गृहिणीची आहे आणि तिला चमत्कार उपलब्ध नाही. तिच्याजवळ आहे तांदळाच्या पिठाचा डबा, रव्याची बरणी आणि सकाळचे ताक. काकू कधीकधी म्हणत की भोकरच्या स्टेशनवर आदिलाबादची गाडी लागली की कोण येईल याचा नेम नाही. आणि आलेल्याने हातपाय धुऊन विठोबाला नमस्कार करेपर्यंत पीठ कालवून झालेले असे.

पैठणच्या एकनाथांची श्राद्धाच्या दिवसाची कथा मी या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवतो. पितरांसाठी आणि निमंत्रित ब्राह्मणांसाठी स्वयंपाक सिद्ध झालेला. त्याचा सुवास रस्त्याने जाणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांपर्यंत गेला. पोरे भुकेने कासावीस झाली. आणि नाथांनी व गिरिजाबाईंनी तो सारा स्वयंपाक त्यांना वाढला. मग घर सारवून, सारे नव्याने आणून, दुसरा स्वयंपाक केला. निमंत्रित रुसले आणि जेवायला आले नाहीत, तेव्हा पितर स्वतः पानांवर येऊन बसले, असे परंपरा सांगते. या कथेत समतेचा उपदेश आहे हे सर्वांना दिसते. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते ती अशी की ज्या स्वयंपाकाची सर्व पूर्वतयारी विधिपूर्वक झाली होती तो न बोलाविलेल्यांच्या मुखी गेला आणि पितरांनी जे स्वीकारले ते ऐन वेळी घाईने केलेले दुसरे अन्न होते. घाईमुळे ते उणे झाले नाही. पहिले अन्न देऊन टाकल्यामुळेच दुसरे करावे लागले होते, आणि त्या घाईचे कारण दया होते.

हे सारे पाहायला जुन्या पोथ्यांत शिरण्याचीही गरज नाही. आमच्या भोकरहून नांदेड जवळच. तेथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला त्या हुजूर साहिबाच्या लंगरात जाऊन बसावे. पंगत उठते, दुसरी बसते, आणि लांबलचक तव्यांवर बिनखमिराच्या पोळ्या भाजल्या जात असतात. कोण आले, कोठून आले, किती आले, याची आगाऊ वर्दी नाही आणि विचारपूसही नाही. पीठ मळून होते, लाटले जाते, भाजले जाते आणि अर्ध्या तासात अनोळखी माणसाच्या हातात पडते. इतक्या मोठ्या अन्नदानाचा बंदोबस्त ताज्या कणकेवर चालावा हे मला योगायोगाचे वाटत नाही.

बिनखमिराच्या भाकरीला ज्यांनी आपल्या धर्माच्या केंद्रस्थानी बसविले त्यांच्यापैकी एक शाखा मराठी बोलते, हेही येथे सांगितले पाहिजे. कोकणातील बेने इस्राएल लोक वल्हांडणाच्या सणाला पूर्वी अनाशी ढाकाचा सण म्हणत, आणि त्या दिवसांत आंबट द्रवाचे भांडे झाकून बंद ठेवीत. मिसर देशातून दास्यमुक्त होऊन निघालेल्या पूर्वजांना कणीक फुगेपर्यंत थांबायला सवड नव्हती, त्या निघण्याची ती आठवण. यहुदी धर्मशास्त्राने पुढे तिला मिनिटांची मोजणी दिली: पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाकर भाजली पाहिजे, नाहीतर ती आंबलेली समजावी. काकूंचा रवा घटकाभर, म्हणजे २४ मिनिटे, ओला राहतो, तेव्हा त्या न्यायासनापुढे आमचा डोसा टिकणार नाही. पण तपशील बाजूला ठेवला तर त्या लोकांनी जे ओळखले ते मोठे आहे. थांबायला वेळ नसणे हे नेहमीच उथळपणाचे लक्षण नसते. कधी ते सुटकेचे लक्षण असते, आणि एका संपूर्ण समाजाने ती घाई पवित्र मानून जपलेली आहे.

झटपट डोशाचा एक प्रकार मात्र मला मान्य नाही आणि त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. पीठ कालवायचे आणि त्यात खाण्याचा सोडा किंवा फळांच्या क्षाराची पुडी टाकून ते क्षणात फसफसवायचे, म्हणजे खाणाऱ्याला ते रात्रभर आंबविलेले वाटावे, ही रीत आता घरोघर शिरली आहे. सोड्याने डोसा फुगतो पण कुरकुरीत होत नाही, आणि प्रमाण चुकले तर जिभेवर साबणासारखी चव राहते, हा पाककलेचा दोष झाला. खरा दोष असा की काळाने न केलेले काम काळाने केले असे भासविण्याचा तो प्रयत्न आहे. आंबविलेला डोसा आपल्या जागी खरा आहे. न आंबविलेलाही खरा आहे. पण जो न आंबविता आंबविल्याचे सोंग घेतो त्याच्यात खोटेपणाचा अंश शिरतो, आणि अतिथीच्या पानावर खोटे वाढू नये. कोकणातल्या बायका घावन आणि आंबोळी हे दोन पदार्थ दोन नावांनी, दोन रीतींनी, हजर ठेवतात आणि एकाला दुसऱ्याच्या नावाने खपवीत नाहीत. ज्याला वेळ आहे त्याने उडीद भिजत घालावेत. ज्याच्या दारी आत्ता कोणी उभे आहे त्याने पीठ कालवावे आणि पाहुण्याला तसे सांगावे.

राहता राहिला प्रश्न उरलेल्या पिठाचा, जो व्यवहारात रोज उद्भवतो. न आंबविण्याच्या हेतूने कालविलेले पीठ वाटीभर उरले आणि रात्रभर राहिले तर ते सकाळी आपसूक आंबते. गुरुजींच्या मते ते टाकावे लागेल. माझ्या मते ते टाकणे हा अन्नाचा अपमान अधिक आहे, आणि त्यात थोडे ज्वारीचे पीठ वाढवून, भरपूर तेलावर, घरच्या माणसांनी ते खाऊन टाकावे. पाहुण्याला ते देऊ नये. काकूंनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता: त्या नेहमी पंगतीच्या अंदाजापेक्षा पळीभर पीठ कमीच कालवीत, आणि कमी पडले तर डबा पुन्हा उघडीत.